'मम' म्हणजे गप्प, हे इंग्रजीत आलं कुठून?

खामल्याची_आई :

नमस्कार सगळ्यांना. प्रश्न छोटासाच आहे पण तीन दिवस घरात तेवढंच चालू आहे म्हणून शेवटी इथे विचारतेय. माझी मुलगी यंदा सातवीत गेली, सुट्ट्या लागल्यापासून मी तिला रोज इंग्रजी पेपरचं एक पान मोठ्यानं वाचायला लावते, नाहीतर ती दुपारी सायकल घेऊन निघते आणि आपल्या नागपुरात मे महिन्यात दुपारी बाहेर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. तर परवा एका बातमीचं हेडिंग असं होतं की पाण्याच्या प्रश्नावर अधिकारी मम. ती थांबली आणि म्हणे, आई, मम म्हणजे तर आई ना, मग अधिकारी आई कसे? मी सांगितलं की इथे मम म्हणजे गप्प, काही बोलायला तयार नाहीत. तर लगेच पुढचा प्रश्न, पण का? गप्प बसण्याला मम का म्हणतात?

सासूबाई तिथेच लोणच्याच्या कैऱ्या चिरत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या अगं पूजेत गुरुजी "मम म्हणा" म्हणतात ना, तोच शब्द असणार, माणूस दुसरं काही बोलत नाही, नुसतं मम म्हणतो. मिस्टर म्हणाले की फॅमिली ग्रुपवर एक मेसेज आला होता, त्यात मौन शब्दावरनंच मम आणि म्यूट दोन्ही झालेत असं होतं. मला दोन्ही पटत नाहीयेत पण खोडताही येत नाहीये. आणि मम, म्यूट, डम, सायलेंट या सगळ्यात नेमका फरक काय, मुलीला कसं सांगू? तिला उगाच काहीतरी सांगून गप्प करायचं नाहीये मला.

बर्डीची_जुनी_पुस्तकं :

ताई, आधी एक करा. मुलीला सांगा ओठ घट्ट मिटून बोलायचा प्रयत्न कर. काय आवाज येतो? म्म्म. बस, शब्द तिथूनच आलाय. मम हा आवाजावरून तयार झालेला शब्द आहे, जसं आपल्याकडे गुणगुण, कुजबुज, पुटपुट. तोंड बंद असताना जेवढा आवाज निघू शकतो तेवढा म्हणजे मम.

आता यातली खरी मजा. चौदाव्या शतकाच्या शेवटी विल्यम लँगलंड नावाचा इंग्रज कवी होता, त्याचं पिअर्स प्लाउमन म्हणून लांबलचक काव्य आहे. त्यात तो वकिलांबद्दल म्हणतो की मॅल्व्हर्नच्या डोंगरांवरचं धुकं एकवेळ मोजून होईल, पण पैसे दाखवल्याशिवाय यांच्या तोंडातून एक मम निघायचा नाही. (स्पेलिंग तिथे मॉम असं आहे, पण शब्द हाच.) आता नीट बघा, इथे मम म्हणजे शांतता नाहीच्चे. इथे मम म्हणजे आवाज! अगदी लहानात लहान, बारीकसा, पण आवाजच. आपण म्हणतो ना, त्यानं ब्र काढला नाही, तर लँगलंडचा मम म्हणजे हुबेहूब आपला ब्र. किंवा चकार, "चकार शब्द बोलला नाही" मधला. हूं की चूं पण तसंच.

मग झालं असं की "मम सुद्धा नाही" असं म्हणता म्हणता मम हेच न बोलण्याचं नाव झालं. ओठ मिटल्यावर जो आवाज येतो तो आवाज राहिला मागे आणि मिटलेले ओठ तेवढे अर्थ म्हणून पुढे आले. मला हा प्रवास फार आवडतो, दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी हेच करत असतो, जुनी डिक्शनरी उघडून बसतो.

तर्री_जास्त_टाक :

वा दादा वा, धुकं मोजाची गोष्ट लय आवडली. आमच्या वऱ्हाडीत गप्प म्हनतच नाही कोनी तसं, आपलं चूप. चूप बस, चूपचाप राय. पन आमची आजी एक शब्द वापरे, उगामुगा. "पाहुने आले का उगामुगा रायजो." लहान पोट्टं रडे तं "उगी उगी". आता हे वाचून असं वाटून रायलं का त्या उगामुगातला मुगा म्हंजे मुकाच असन का काय? कोनाले ठाऊक असन तं सांगा राजेहो, काहून का आता आजी नाही विचाराले.

निवृत्त_संस्कृत_शिक्षिका :

खामल्याच्या ताई, तुमच्या घरातल्या दोन्ही मतांबद्दल लिहिते, थोडं लांबेल.

आधी सासूबाईंचं. पूजेतलं मम म्हणजे "माझं". संकल्प गुरुजी सांगतात, ज्याच्यासाठी पूजा चाललीय त्यानं मम म्हणून तो स्वतःचा करायचा. त्याचा इंग्रजी शब्दाशी काही संबंध नाही, उच्चार योगायोगानं जुळलाय. पण त्यांचं निरीक्षण मात्र मला मोलाचं वाटतं, कारण मराठीत "मम म्हणणे" असा वाक्प्रचारच झाला आहे, स्वतः काही न बोलता दुसऱ्यानं सांगितलं त्याला मान डोलवणे. म्हणजे गप्प बसण्याची छटा आपल्या मममध्ये पण उतरलीच, वेगळ्या वाटेनं.

आता मौन. हा शब्द मुनि या शब्दापासून झालाय, मुनीचा जो भाव, मुनीचं जे वागणं ते मौन. त्यापासून इंग्रजी मम झालेला नाही आणि म्यूट पण नाही, तो ग्रुपवरचा मेसेज चूक आहे. पण मेसेजवाल्याच्या हाती एक खरा धागा लागता लागता राहिला, तो म्हणजे मूक. म्यूट आलाय लॅटिन मूटुस वरून आणि लॅटिन मूटुस आणि संस्कृत मूक हे एका कुळातले मानले जातात. कोणी कोणाकडून घेतलेला नाही, दोघांच्या मागे एकच जुना मू आहे. ग्रीकमध्ये त्याच्या जवळचं क्रियापद म्यूएइन, म्हणजे मिटणं, ओठ मिटणं किंवा डोळे मिटणं. अथेन्सजवळ एल्युसिस इथे गुप्त विधी चालत, त्याची दीक्षा घेतलेल्यांनी आत काय बघितलं ते बाहेर सांगायचं नाही असा दंडक होता, त्या दीक्षितांना म्हणायचे म्यूस्तेस, आणि त्यातूनच मिस्टरी आणि मिस्टिक हे शब्द आले. चष्म्याच्या नंबरचा मायोपिया पण त्याच मिटण्यातून, लांबचं दिसत नाही म्हणून माणूस डोळे बारीक करून बघतो ना, ते.

आणि मम मात्र इंग्रजीनं स्वतः आवाजावरून घडवलाय, तो मूटुसचा नातू नाही. पण दोन्हीकडे म च का यावा? याला कारण आपल्या वर्णमालेतच आहे. प फ ब भ म हे ओष्ठ्य, ओठ मिटल्याशिवाय यांचा उच्चार नाही. त्यातला प किंवा ब पूर्ण करायचा तर ओठ परत उघडावेच लागतात. म एकटाच असा की तो अनुनासिकही आहे, हवा नाकातून जाते, त्यामुळे ओठ मिटलेलेच ठेवून हवा तितका वेळ म्हणत राहता येतो. मी वर्गात मुलांना हे करून दाखवायला लावायचे आणि चाळीस मुलांचा एकदम म्म्म असा आवाज झाला की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहायचे. ॐ सुद्धा म वर मिटतो. मांडूक्य उपनिषदात अ, उ, म या तीन मात्रा सांगून झाल्यावर चौथं जे सांगितलंय ते अमात्र, तिथे मात्राच नाही. म हा वर्ण बोलणं आणि न बोलणं यांच्या बरोब्बर उंबरठ्यावर उभा आहे, असं मला नेहमी वाटत आलंय.

तर्री भाऊ, तुमच्या आजीचा "उगा" चांगला जुना शब्द आहे, उगा म्हणजे शांत, स्तब्ध. ज्ञानेश्वरीच्या भाषेपासून तो चालत आलाय. शहरात उगी फक्त पाळण्यापुरता उरला, तुमच्याकडे मोठ्यांसाठीही टिकला. मुगा मुक्यावरून आला हे मलाही संभवनीय वाटतं, जोडशब्द करताना मराठी असं बरंच करते.

तर्री_जास्त_टाक :

मॅडम, आजीचा शब्द ज्ञानेश्वरीच्या भाषेतला हाय हे वाचून डोये भरून आले खरंच. आताच मायले वाचून दाखोलं.

इंग्लिश_डेस्क_माजी :

मी बरीच वर्षं इंग्रजी पेपरच्या डेस्कवर काम केलंय, नाव नको. हेडिंगमध्ये मम का येतो त्याचं कारण अगदी साधं आहे, जागा. एका कॉलमचं हेडिंग असलं की एका ओळीत जेमतेम बारा-पंधरा अक्षरं बसतात, तिथे सायलेंट लिहिलं की सहा अक्षरं गेली, मम म्हणजे तीन. अशा बुटक्या शब्दांवर डेस्कवाल्याची फार माया असते. मराठीत गप्प आणि मौन दोन्ही छोटेच, त्यामुळे मराठी डेस्कला हा त्रास नाही, तिथे "सोयीस्कर मौन" असं ऐसपैस लिहिता येतं.

आणखी एक, मम मध्ये नेहमी हे गृहीत असतं की त्या माणसाला माहीत आहे पण तो सांगत नाहीये. जंगल मम असू शकत नाही, सायलेंट असू शकतं. आपल्याकडे दुपारी दोन वाजता धंतोलीच्या आतल्या गल्ल्यांमध्ये जो शुकशुकाट असतो, कूलरची घरघर सोडली तर काही नाही, तो सायलेन्स, त्याला मम म्हणता येणार नाही. अधिकारी मम असतात, मंत्री मम असतात, घरात डबा कोणी फोडला विचारल्यावर मुलं मम असतात. आणि इंग्रजीत जे मम्ज द वर्ड म्हणतात, म्हणजे हे तुझ्यामाझ्यात, कुठे बोलायचं नाही, त्याला मराठीत इतका सुंदर जोडीदार आहे की बस, अळीमिळी गुपचिळी.

बर्डीची_जुनी_पुस्तकं :

डेस्कवाल्या दादांनी माहीत असून न सांगण्याचं जे लिहिलंय ते अगदी बरोबर आणि त्यावरून शेक्सपिअर आठवला. हेन्री द सिक्स्थ, भाग दुसरा, 1590 च्या आसपासचं नाटक. त्यात ह्यूम नावाचा एक पाद्री आहे, एका डचेसकडून सोन्याची नाणी घेतो, ती गेल्यावर स्टेजवर एकटाच उरतो आणि स्वतःलाच बजावतो की आता ओठांना सील ठोक आणि मम सोडून एक शब्द बोलू नकोस. गंमत बघा ना, लँगलंडच्या वकिलाचं तोंड पैसे मिळाल्यावर उघडतं आणि शेक्सपिअरच्या पाद्र्याचं पैसे मिळाल्यावर बंद होतं, मध्ये दोनशे वर्षं गेलीत आणि शब्द तोच. मी हे दोन उतारे शेजारी शेजारी ठेवून वाचले त्या दिवशी कोणाला सांगू असं झालं होतं, आज सांगायला मिळालं.

ताईंच्या मुलीचा जो घोटाळा झाला, आई की गप्प, तो इंग्रजांनी स्वतः मुद्दाम वापरलाय. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारनं लोकांनी कुठेही सैन्याबद्दल बडबड करू नये म्हणून पोस्टर लावली होती, 1940 चं एक होतं, बी लाइक डॅड, कीप मम. एक अर्थ, बाबांसारखं गप्प राहा. दुसरा अर्थ, बाबांसारखं आईला पोसा. तेव्हाच्या खासदार एडिथ समरस्किल यांनी यावर पार्लमेंटमध्ये आक्षेप घेतला होता, आणि मला तो अगदी रास्त वाटतो, बायका तेव्हा कारखान्यात आणि घरात दोन्हीकडे राबत होत्या. 1942 चं आणखी एक पोस्टर, कीप मम, शी'ज नॉट सो डम, त्यात एक देखणी बाई मध्ये बसलीय आणि भोवती तिन्ही दलांचे अधिकारी गप्पा मारतायत. म्हणजे हिला काही कळत नाही असं समजू नका, ती ऐकतेय.

अंबाझरी_वॉकर :

मुलीला हे पण सांगा की इजिप्तची ममी यात अजिबात नाही, नाहीतर तिचा पुढचा प्रश्न तोच असणार, ममी पण गप्पच असते! तो शब्द अरबी मूमिया वरून युरोपात गेला आणि अरबीत फारसी मूम वरून, मूम म्हणजे मेण. हिंदीतल्या मोमबत्तीतला मोम तोच. म्हणजे हैदराबादच्या म्युझियममधली ममी आणि इतवारीच्या दुकानातली मोमबत्ती नात्यातल्या. अमेरिकेत शेवंतीच्या फुलाला पण मम म्हणतात, पण तो क्रिसँथेममचा शेपटाकडचा तुकडा आहे.

मॅडमना एक विचारायचं होतं, मम्बल म्हणजे पुटपुटणं, तो यातूनच ना? मग मध्ये ब कुठून आला?

निवृत्त_संस्कृत_शिक्षिका :

हो यातूनच. जुनं रूप मोमेलेन असं होतं, त्यात ब नव्हता. म म्हणताना ओठ मिटलेले, पुढे ल म्हणायला ओठ उघडायचे, त्या उघडण्याच्या क्षणी आपोआप एक ब फुटतो. तुम्ही हे रोज खाता. संस्कृत आम्र, म आणि र जवळ आले, मध्ये ब फुटला, प्राकृतात अंब झालं आणि मराठीत आंबा. ताम्रचं तांबं तसंच. खामल्याच्या ताईंकडे आत्ता कैऱ्या चिरल्या जातायत म्हणून मुद्दाम हे उदाहरण, मुलीला कैरी हातात देऊनच सांगा.

हाताची_भाषा :

इथे सहसा लिहीत नाही, फक्त वाचते. पण ताईंनी डम आणि म्यूटचा फरक विचारला आणि त्याचं उत्तर अजून कोणी नीट दिलेलं नाही म्हणून लिहितेय.

माझ्या धाकट्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही. लहानपणी आमच्या गल्लीत त्याला मुका म्हणायचे, शाळेत डम. डम हा जुन्या इंग्रजीतला शब्द, त्याचा मूळ अर्थ फक्त बोलू न शकणारा इतकाच होता. पुढे त्याला मूर्ख असा अर्थ चिकटला, अमेरिकेत जर्मन डुम शब्दाच्या प्रभावानं तो पक्का झाला, कारण जर्मनमध्ये त्याचा अर्थच मूर्ख. वर त्या 1942 च्या पोस्टरमध्ये जो डम आहे तो हाच, मूर्ख वाला. म्हणजे ज्याला बोलता येत नाही त्याला अक्कलही नाही, हे त्या एका शब्दात घट्ट बसलंय. म्हणून आज कोणत्याही माणसाला डम म्हणू नये, मुलीला हे नक्की सांगा. म्यूट टीव्हीला ठीक आहे, फोनला ठीक आहे, माणसाला नको. माझ्या भावाचा गळा, जीभ, ओठ सगळं व्यवस्थित आहे, त्याला ऐकू आलं नाही म्हणून तोंडी भाषा आली नाही, आणि हातांनी तो इतकं बोलतो की रात्री लाइट बंद करावा लागतो तेव्हा कुठे थांबतो.

मम मध्ये निवड आहे, बोलता येत असून न बोलण्याची. माझ्या भावाकडे ती निवड लोकांनी ठेवलीच नाही, तो बोलत होता आणि समोरच्याला त्याची भाषा येत नव्हती, तरी मुका तोच ठरला.

आणि नागपुरात बसून मुका या शब्दावर बोलतोय तर एक राहायला नको. बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 ला जे पाक्षिक सुरू केलं त्याचं नाव मूकनायक. त्याच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग छापलेला असायचा, त्यातली ओळ, "नव्हे जगीं कोणी मुकियांचा जाण". त्या नावातले मूक म्हणजे बोलता न येणारे नव्हेत, ज्यांचं कोणी ऐकूनच घेतलं नाही ते. मी पहिल्यांदा ही ओळ वाचली तेव्हा मला भावाची आठवण आली होती. दरवर्षी दीक्षाभूमीवर जाते, अजूनही तेच आठवतं.

इंग्लिश_डेस्क_माजी :

ताई, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. आम्ही डेस्कवर वर्षानुवर्षं "डेफ अँड डम" बेधडक छापत होतो, कोणी हटकलं नाही आणि आम्हीही विचार केला नाही. माझ्या हातून गेलेल्या त्या सगळ्या हेडिंगांबद्दल मनापासून माफी मागतो.

खामल्याची_आई :

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. काल संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून झाल्यावर मुलीला सगळं वाचून दाखवलं, सासूबाई पण होत्या. म्म्म करून झालं, मिस्टरांनी पण केलं. मूक आणि म्यूटचं कळल्यावर मेसेज अर्धा तरी बरोबर होता म्हणून ते खूश आहेत, मॅडमनी लिहिलेलं त्यांनी जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं. आंब्याच्या ब वर सासूबाई खूश, म्हणाल्या म्हणजे मी इतकी वर्षं तोंडातून ब काढत होते आणि मला माहीत नव्हतं.

हाताची_भाषा, तुमचं लिहिलेलं वाचताना मी मध्येच थांबले होते. मुलगी म्हणाली पुढे वाच ना. वाचलं. मग तिनं विचारलं की हातांनी माझं नाव कसं सांगतात? मला तर माहीत नाही, तुम्ही सांगाल का, किंवा कुठे शिकायला मिळेल? तिची शाळा सुरू व्हायला अजून महिना आहे.

आणि ती वहीत क्वाएट लिहिताना हमखास क्वाइट लिहिते, त्याला काही युक्ती आहे का कोणाकडे?

बर्डीची_जुनी_पुस्तकं :

मुलीचं एका परीनं बरोबरच आहे, ते दोन्ही शब्द मुळात एकच! लॅटिन क्विएटुस, म्हणजे निवांत. त्यातून एक क्वाएट झाला, शांत. दुसरा फ्रेंचमधून आला, निवांत म्हणजे मोकळा, देणं फिटलेला, त्यातून क्विट आणि त्यातूनच क्वाइट, म्हणजे पुरतं, अगदी. स्पेलिंगसाठी एवढंच, शांत वाल्यात ई आधी येतो आणि टी शेवटी गप्प बसवतो. दुकानात आलात तर तिच्यासाठी एक जुनी चित्रांची डिक्शनरी काढून ठेवलीय, पैसे नकोत.

हाताची_भाषा :

खामल्याच्या ताई, मेसेज केलाय. मी अजनीला राहते, तुमच्यापासून लांब नाही. भावाला विचारलं, तो म्हणाला रविवारी सकाळी घेऊन या, ऊन चढायच्या आत, तिचं नाव तो स्वतः ठरवेल. आमच्यात नावाची खूण अशीच देतात, आधी माणूस बघायचा, मग खूण.